गव्हाच्या रोपात बघा पेशीतल्या प्रथिनांची निवडक मोडतोड: दहा दिवसांचा, खिशाला परवडणारा प्रयोग

चोपडा तालुक्यात आमच्या बांधापलीकडे मका होता. शेजाऱ्याने मक्यातल्या तणावर टू-फोर-डी मारलं आणि त्या दिवशी वारा नेमका आमच्याकडे होता. आठ-दहा दिवसांत कपाशीच्या शेंड्याची पानं अरुंद आणि लांबट झाली. शिरा एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसू लागल्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, यंदा यांनी भेंडी लावली आहे. मोठा भाऊ म्हणाला, "पीक जळालं."

पण जळालेलं काहीच नव्हतं. एकही पान करपलं नव्हतं. त्या तणनाशकाने कपाशीच्या पेशींना त्यांचीच ठरावीक प्रथिनं मोडायला लावली होती आणि थांबू दिलं नव्हतं. बारावीला जीवशास्त्र शिकवताना मी हे सांगतो, तेव्हा दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, प्रथिन पेशीच बनवते आणि पेशीच मोडते, मग बनवते कशाला?" या प्रश्नाचं उत्तर फळ्यावर पटत नाही. गव्हाचं बी, मोजपट्टी आणि जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या संप्रेरकाची एक पुडी एवढ्यावर ते बऱ्यापैकी पटतं. प्रयोग कसा करायचा ते पुढे सविस्तर देतो. आधी यंत्रणा मात्र नीट समजून घ्यावी लागेल, नाहीतर दहाव्या दिवशी हातात नुसती लांब-आखूड रोपं राहतील.

आधी यंत्रणा

१९३० च्या दशकापर्यंत समज असा होता की शरीरातली प्रथिनं घराच्या भिंतींसारखी असतात. एकदा उभी राहिली की राहिली, खाल्लेलं अन्न फक्त चुलीतल्या लाकडासारखं जळतं. रुडॉल्फ शोनहायमर यांनी जड नायट्रोजनची खूण असलेली अमिनो आम्लं उंदरांना खाऊ घातली, तेव्हा ती खूण उंदरांच्या अंगच्या प्रथिनांत सापडली. म्हणजे भिंती रोज थोड्या पडत होत्या आणि रोज बांधल्या जात होत्या.

१९५५ मध्ये क्रिस्तियान द ड्यूव्ह यांनी लायसोसोम शोधला. आम्लाने आणि पाचक एन्झाइमांनी भरलेली ही पिशवी सापडल्यावर सगळ्यांना वाटलं, मोडतोड इथेच होते, विषय संपला. पण एक गोष्ट खटकत होती. १९५३ मध्येच यकृताच्या कापांवर दिसलं होतं की प्रथिन मोडायला पेशीला ऊर्जा लागते. आता बघा, प्रथिनाचे तुकडे होताना ऊर्जा सुटायला हवी, लागायला नको. भिंत पाडायला सिमेंट कशाला लागावं?

उत्तर सापडलं सशाच्या अपक्व तांबड्या पेशींत. या पेशींत लायसोसोम नसतात, तरी बिघडलेली प्रथिनं त्या मोडतात. इस्राएलमधल्या हैफा इथले ॲरन सिएचानोव्हर आणि अव्राम हर्श्को, आणि फिलाडेल्फियातले अर्विन रोझ यांनी या पेशींच्या रसाचे घटक वेगवेगळे करून १९७० च्या दशकाच्या शेवटी दाखवलं की मोडण्याआधी प्रथिनाला एक छोटं प्रथिन चिकटवलं जातं. त्याचं नाव युबिक्विटिन, लांबी अवघी ७६ अमिनो आम्लं. ऊर्जा लागते ती आधी ही निवड आणि खूण करायला, मग निवडलेल्या प्रथिनाची घडी उलगडायला. तिघांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

खूण करण्याच्या कामात तीन एन्झाइम असतात. पहिलं, ई-वन, एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) खर्चून युबिक्विटिनला तयार करतं. दुसरं, ई-टू, ते हातात धरून नेतं. तिसरं, ई-थ्री, कुणाला चिकटवायचं ते ठरवतं. माणसात ई-वन दोन आहेत, ई-टू चाळीसच्या आसपास आणि ई-थ्री सहाशेहून जास्त. आकडे असे उतरंडीसारखे का, ते रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत लगेच कळतं. गाडी एक, घड वाहणारे थोडे, पण कापणीला कुठला घड आला आहे हे ओळखणारी नजर पाहिजे. जाणता माणूस केळाच्या कडा बघतो. कडा बुजून केळं गोल व्हायला लागलं की हात लावतो, शेजारचा कोवळा घड तसाच राहू देतो. ई-थ्रीचं तसंच. प्रत्येकाची नजर ठरावीक प्रथिनावरच्या ठरावीक जागेवर असते.

एक युबिक्विटिन लागलं म्हणजे प्रथिनाचं काम तमाम असं नाही. पहिल्याच्या ४८ व्या जागेवरच्या लायसिन या अमिनो आम्लाला दुसरं, दुसऱ्याला तिसरं अशी साखळी लागते. साधारण चारांची साखळी झाली की माल प्रोटिएसोम या प्रथिन मोडणाऱ्या यंत्राकडे जातो. साखळी ६३ व्या लायसिनवरून वाढली तर अर्थ बहुधा वेगळाच असतो. डीएनए दुरुस्ती, निरोप पोचवणं असली कामं त्या साखळीकडे आहेत. आमच्या पाठ्यपुस्तकी उत्तरांत "युबिक्विटिन म्हणजे मृत्यूची खूण" असं सरसकट लिहितात, ते अर्धवट आहे.

प्रोटिएसोम म्हणजे पिंप. सात-सात तुकड्यांची चार कडी एकावर एक, असे २८ तुकडे, आणि तोंडावर झाकण. कापणारी पाती पिंपाच्या आतल्या बाजूला, मधल्या दोन कड्यांत आहेत. तोंड इतकं अरुंद की घडी घातलेलं प्रथिन आत शिरूच शकत नाही. झाकण साखळी ओळखतं, ती सोडवून घेतं, प्रथिनाची घडी उलगडून दोऱ्यासारखं आत ओढतं. पलीकडून बाहेर पडतात लहान लहान तुकडे. युबिक्विटिन मात्र मोडत नाही. गोणीची सुतळी सोडून पुन्हा वापरायला ठेवावी तसं ते परत वापरात जातं.

आता त्या विद्यार्थ्याचा प्रश्न. डोळ्याच्या भिंगातली क्रिस्टॅलिन प्रथिनं जन्मभर टिकतात. उलट पी-५३ नावाचं, डीएनए बिघडल्यावर पेशीला थांबवणारं प्रथिन निरोगी पेशीत साधारण वीस मिनिटांत निम्मं होतं. वीस मिनिटांत निम्मं, चाळीस मिनिटांत पाव, तासाभरात एक अष्टमांश. पेशी ते सतत बनवते आणि सतत मोडते. उधळपट्टी वाटते, पण संकट आलं की पेशीला नव्याने काही सुरू करावं लागत नाही. फक्त मोडणं थांबवायचं. साठा काही मिनिटांत वर येतो.

गव्हातला ब्रेक

आपल्या प्रयोगातलं प्रथिन मात्र याच्या उलट वागतं. त्याचं नाव डेला. डी-ई-एल-एल-ए ही त्याच्या एका टोकाकडच्या पाच अमिनो आम्लांची आद्याक्षरं. डेला हा वाढीवरचा ब्रेक आहे. जिबरेलिन हे संप्रेरक रोपात तयार झालं की ते जिड-वन या ग्राहकाला, म्हणजे संप्रेरक ओळखणाऱ्या प्रथिनाला, जाऊन बसतं, ग्राहक आकार बदलतो आणि डेलाला नेमकं त्या टोकाकडे धरतो. धरलेला डेला ई-थ्रीच्या नजरेत येतो, साखळी लागते, प्रोटिएसोम त्याला गिळतो. ब्रेक गेला की रोप उंच होतं. जिबरेलिन "वाढ करतं" असं आपण म्हणतो. खरं तर ते वाढीवरचा ब्रेक मोडायला लावतं.

१९६० च्या दशकात नॉर्मन बोरलॉग यांचे बुटके गहू मेक्सिकोहून भारतात आले, त्यांचा बुटकेपणा मुळात नोरिन-१० या जपानी वाणातला. उंच देशी गव्हाला खत जास्त दिलं की ओंबी भरताच तो लोळायचा. बुटका गहू उभा राहिला. का राहिला, हे जनुकाच्या पातळीवर १९९९ मध्ये कळलं: त्याच्या डेलात ते टोकच नाही. जिबरेलिन भरपूर आहे, ग्राहक आहे, ई-थ्री आहे, प्रोटिएसोम आहे, पण धरायला जागा नाही. हरितक्रांतीच्या गव्हाचा मोठा भाग एका न मोडणाऱ्या प्रथिनावर उभा होता.

म्हणून युक्ती सोपी. उंच आणि बुटका, दोन्ही गव्हांना बाहेरून जिबरेलिन द्यायचं आणि कोण उंच होतं ते बघायचं.

सामान आणि बी

वेळ नोव्हेंबर ते जानेवारी. हे पहिल्या वाक्यात लिहितो, कारण मी पहिल्यांदा हा प्रयोग मार्चअखेर केला होता. वर्गाच्या पत्र्याखाली कागद दुपारपर्यंत वाळायचे, रात्री भिजवले की बुरशी यायची. सहाव्या दिवशी सगळं फेकून दिलं. गव्हाला वीस-बावीस अंशांची हवा मानवते आणि ती खान्देशात फार दिवस मिळत नाही.

बी दोन प्रकारचं लागेल. एक उंच, देशी: बन्सी किंवा खपली, पण जुनं, घरात जपलेलं. खपलीच्या नावाने सुधारित बुटके वाणही मिळतात, तेव्हा देणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, "हा गहू कमरेच्या वर जातो का? लोळतो का?" दोन्हींना हो म्हणाला तर घ्या. दुसरं बी सध्याच्या कुठल्याही बुटक्या वाणाचं. लोकवन आपल्याकडे घरोघरी असतो, तो तिसरा म्हणून लावा आणि कुठल्या गटात पडतो ते त्यालाच सांगू द्या. बाजारातला दळणाचा गहू नको, त्यात भेसळ असते. बियाण्याच्या पिशवीतलं गुलाबी रंगाचं बीही नको. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं आणि मुलं हात न धुता डबा उघडतात.

जिबरेलिक ॲसिड (एक जिबरेलिनच), म्हणजे द्राक्षवाले ज्याला नुसतं "जीए" म्हणतात ते, कृषी केंद्रात मिळतं. ९० टक्क्यांची पावडर घ्या. तयार द्रावणाची ०.००१ टक्क्यांची बाटलीही मिळते आणि हिशेबाने ती १० पीपीएम (दहा लाखात दहा भाग) म्हणजे आपल्याला हवी तेवढीच असते. पण तिच्यात इतरही काही मिसळलेलं असतं, आणि तेच मिश्रण जीएशिवाय तुम्हाला तुलनेसाठी मिळणार नाही.

द्रावण

१११ मिलिग्रॅम पावडर तोला, म्हणजे तिच्यात शुद्ध जीए १०० मिलिग्रॅम येतं. कॉलेजचा काटा एवढं बारीक दाखवत नसेल तर जळगाव जिल्ह्यात मिलिग्रॅमच्या काट्याची वाण नाही. मी कागदाची पुडी घेऊन ओळखीच्या सोनाराकडे गेलो होतो. त्याने पुडीचं वजन आधी वजा केलं, मी सांगायच्या आत.

पावडर थेट पाण्यात नीट विरघळत नाही. आधी पाच मिलिलिटर अल्कोहोलमध्ये विरघळवा, मग पाणी घालून एक लिटर करा. हे झालं १०० पीपीएम. यातले १०० मिलिलिटर घेऊन पाण्याने पुन्हा एक लिटर केलं की १० पीपीएम. साध्या पाण्याच्या गटासाठीही पाच मिलिलिटर अल्कोहोल लिटरभर पाण्यात घाला आणि त्यातले १०० मिलिलिटर तसेच लिटरभर करा. हे टाळू नका. नाहीतर फरक जीएचा की अल्कोहोलचा, असं कुणी विचारलं तर उत्तर नाही. हातमोजे घाला, बाटलीवर नाव आणि तारीख लिहा, वापरेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवा, पण खाण्याच्या फ्रीजमध्ये नको.

गुंडाळ्या

मातीत लावू नका. माती प्रत्येक कुंडीत वेगळं पाणी धरते. बियाणे तपासणीत वापरतात ती कागदी गुंडाळीची रीत सगळ्यात बरी. जाड, पाणी शोषणारा, शाई नसलेला कागद घ्या. एका गुंडाळीसाठी एकसारख्या आकाराचे २५ दाणे निवडा, पातळ केलेल्या ब्लीचमध्ये दोन-तीन मिनिटं बुडवून चांगले चार-पाच वेळा धुवा. भिजवलेल्या कागदावर वरच्या कडेपासून चार बोटं खाली एका ओळीत मांडा. दाण्याची चीर कागदाकडे, कोंबाचं टोक खाली. वर दुसरा ओला कागद ठेवून सैल गुंडाळी करा, दोन ठिकाणी दोरा बांधा आणि ग्लासात उभी करा. ग्लासात दोन बोटं द्रावण.

प्रत्येक गव्हाच्या तीन गुंडाळ्या साध्या पाण्यात, तीन जीएत. दोन गहू असतील तर बारा, लोकवन धरला तर अठरा.

इथे दोन बारीक गोष्टी आहेत. पहिली, आपली हवा कोरडी. ग्लासातलं पाणी उडतं, जीए मागे राहतं आणि १० चे १५ पीपीएम कधी झाले ते कळत नाही. म्हणून ग्लासावर पातळीची रेघ मारा आणि रोज सकाळी फक्त साधं पाणी घालून रेघेपर्यंत आणा. द्रावण पुन्हा घालू नका. दुसरी, ग्लासांवर "जीए" आणि "पाणी" लिहू नका. वर्गातल्या एकाला आकडे टाकायला सांगा, यादी त्याच्याकडेच ठेवा. मोजणाऱ्याला उत्तर माहीत असलं की मोजपट्टी आपोआप एक मिलिमीटर सरकते. हे मी स्वतःचं बघितलं आहे.

पहिले तीन दिवस सावलीत, मग खिडकीजवळच्या उजेडात, पण थेट उन्हात नाही. मुंग्या येतातच. ग्लास पाण्याच्या परातीत ठेवले की प्रश्न मिटतो.

मोजणी

दहाव्या दिवशी गुंडाळ्या उलगडा. दाण्यापासून पहिल्या पानाचं पातं जिथे खोडापासून सुटतं तिथपर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये घ्या. पात्याची अख्खी लांबी घेऊ नका, ते वाकतं, चिरतं. न उगवलेले दाणे वेगळे मोजा, त्यांना शून्य धरू नका. प्रत्येक रोपाचा आकडा लिहा, फक्त सरासरी नको.

समजा एका गव्हाची साध्या पाण्यातली सरासरी ४० मिमी आणि जीएतली ५६ मिमी आली. फरक १६, भागिले ४०, म्हणजे ४० टक्के वाढ. आकडा तुमचा वेगळा येईल. बघायचं ते एवढंच की उंच गव्हाची टक्केवारी ठळक आहे का आणि बुटक्याची शून्याच्या आसपास रेंगाळते का.

निकाल तसा आला नाही तर लगेच प्रयोग फसला असं समजू नका. बुटक्या वाणाने जीएला प्रतिसाद दिला, तर त्याचा बुटकेपणा दुसऱ्या जनुकाचा असू शकतो. आरएचटी-८ नावाचं जनुक असलेले गहू बुटके असूनही जीएने वाढतात, त्यांचा डेला नेहमीसारखा मोडतो. एकाच गुंडाळीत रोपांचे दोन घोळके दिसले, काही चांगली उंच, काही आखूड आणि मधे कुणी नाही, तर बी भेसळीचं आहे. प्रत्येक रोपाचा आकडा लिहायचा तो यासाठी. आणि दोन्ही गहू सारखेच ढिम्म राहिले तर पावडर जुनी आहे का ते आधी बघा.

ज्यांना आणखी एक पायरी चढायची आहे त्यांनी आंबेवाल्यांचं कल्टार, म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल, फारच पातळ करून उंच गव्हाला द्यावं. ते रोपाला स्वतःचं जिबरेलिन बनवू देत नाही. डेला साठतो, उंच जातीचं रोपही खुरटतं. मग त्याच गुंडाळीला जीए दिलं तर रोप सावरतं. बुटक्या गव्हाला मात्र जीए देऊन काही फरक पडत नाही. माझ्या मते सगळ्यात बोलका भाग हाच.

या गुंडाळीत काय दिसत नाही

प्रथिन मोडताना दिसत नाही. दिसतो तो त्याचा परिणाम. प्रयोगवहीच्या निष्कर्षात "डेला प्रथिनाचे विघटन झाले हे सिद्ध झाले" असं लिहिलेलं मी दरवर्षी लाल शाईने खोडतो. ते सिद्ध करायला नवं प्रथिन बनणं सायक्लोहेक्सिमाइडने थांबवावं लागतं, मग ठरावीक मिनिटांनी नमुने काढून वेस्टर्न ब्लॉटवर (एखादं ठरावीक प्रथिन पट्टीसारखं दाखवणारी चाचणी) पट्टी किती फिकट होत जाते ते बघावं लागतं. आणि एमजी-१३२ सारखं औषध घालून प्रोटिएसोम बंद केल्यावर पट्टी टिकते, हेही दाखवावं लागतं. सायक्लोहेक्सिमाइड विषारी आहे, ते विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचं काम. तुमचा निष्कर्ष असा लिहा: "उंच गव्हाने जीएला प्रतिसाद दिला, बुटक्याने दिला नाही, न मोडणाऱ्या डेलाच्या स्पष्टीकरणाशी हे जुळतं."

प्रोटिएसोम बंद करणारी औषधं माणसालाही देतात. बोर्टेझोमिबला २००३ मध्ये अमेरिकेत मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. त्या कर्करोगाच्या पेशी इतकी प्रथिनं बनवतात की मोडणं थांबलं की कचऱ्यातच गुदमरतात.

पुन्हा कपाशीकडे

शेतातली पाहणी हा प्रयोगाचा दुसरा भाग, आणि त्यासाठी मुद्दाम काही फवारू नका. दुर्दैवाने असं शेत दर खरिपात कुठे ना कुठे सापडतंच.

ऑक्सिन हे रोपाचं दुसरं संप्रेरक. त्याचा ग्राहक टीआयआर-वन हा स्वतःच एका ई-थ्रीचा भाग आहे, हे २००५ मध्ये कळलं. २००७ मध्ये त्याची रचना दिसली: ऑक्सिन ग्राहकाच्या खोबणीत बसतं आणि ऑक्स-आयएए नावाच्या ब्रेक-प्रथिनाला तिथे डिंकासारखं चिकटवतं. मग खूण, मग प्रोटिएसोम. टू-फोर-डी त्याच खोबणीत बसतं. रोप स्वतःचं ऑक्सिन वापरून संपवतं, टू-फोर-डी मात्र त्याला लवकर संपवता येत नाही. मक्यासारखी गवतवर्गातली पिकं त्याचा बऱ्यापैकी निकाल लावतात, कपाशीला ते जमत नाही. ब्रेक मोडतच राहतात आणि कोवळ्या पानाचा आकार बिघडतो.

पाहणी अशी करा. बाधित झाडाच्या शेंड्यापासून खाली पानं मोजा आणि प्रत्येक पानाची सर्वांत जास्त लांबी आणि रुंदी लिहा. वारा आला त्या दिवशी पूर्ण उघडलेली पानं नेहमीसारखी पंजाच्या आकाराची सापडतील, कारण त्यांची घडण तेव्हा संपली होती. त्यांच्या वर अरुंद पानांचा पट्टा लागेल. झाड सावरलं असेल तर त्याच्याही वर पुन्हा रुंद होत जाणारी पानं. लांबी भागिले रुंदीचा आलेख काढला की मधे टेकडी उभी राहते, आणि टेकडीचा पायथा फवारणीचा दिवस जवळपास नेमका सांगतो. भावाने हा आलेख बघितला आणि शेजाऱ्याला दाखवू म्हणाला. मी नको म्हटलं. बांधाला बांध आहे.

कपाशीला हे औषध अगदी किंचितही पुरतं, पंपाच्या नळीत राहिलेलंसुद्धा. आमच्याकडे आता दोन पंप आहेत. तणनाशकाचा वेगळा, त्याच्या टाकीवर भावाने लाल ऑइलपेंटने फुली मारली आहे आणि तो गोठ्यात वेगळ्या खुंटीला असतो.